गोजराचं अख्खं पुस्तक

कोपरखैरणे, ६ एप्रिल

नमिता,

"घे. अख्खं," असं म्हणून तू गोजराचं पुस्तक मिटलंस आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलंस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी कॉलेज सोडलेला, रबाळ्याच्या गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप लावणारा एक पोरगा होतो. आजही टेपच लावतो, पण लावताना गातो. सुपरवायझर विचारतो, "क्या बात है सुगत, लॉटरी लगी क्या?" त्याला काय सांगणार?

आपल्या फाशांच्या खेळातली तुझी गोजरा. आजीचं नाव दिलेली, मिठागरात राहणारी खवचट म्हातारी विझर्ड. खेळात तिने आजवर कुणाला फुकटात एक पान दाखवलं नाही. माझ्या विझर्डला, अग्निवेशला, धुक्याचा स्पेल पाहिजे होता, तर तिने आधी त्याला अख्ख्या गुहेत सगळ्यांच्या पुढे चालायला लावलं. मग एकच पान उघडलं, तेही बाजूच्या पानावर हात ठेवून. प्रीतम ओरडला होता, "आयला ताई, परीक्षेत पन अशीच लपवतेस का?" आणि बरोबरच होतं तुझं. विझर्डचं पुस्तक म्हणजे त्याचा जीव. ते गेलं तर सकाळी डोक्यात जे तयार केलेलं असतं तेवढंच हाताशी राहतं. बाकी सगळी जादू पुस्तकाबरोबर गेली.

असलं पुस्तक तू मला दिलंस. अभयसमोर. प्रीतमसमोर, तुझ्या सख्ख्या भावासमोर. मला जे समजायचं ते मी समजलो.

फोन लागत नाही तुझा. ब्लॉक केलायस एवढं कळतं मला. कोचीच्या हॉस्टेलचा पत्ता अभयकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याचं डोकं खाल्लं. पोस्टाला ब्लॉक नसतो.

तू गेल्यावर प्रीतमशी जरा बाचाबाची झाली. तुझ्या पप्पांनाही भेटून आलो. दोन्हीचं टेन्शन घेऊ नकोस. वरच्या खोलीतल्या टेबलाचा पाय मी सुताराला पाठवून बसवून घेतलाय, आता हलतसुद्धा नाही म्हणे.

मी रोज कामावरून आल्यावर तुझे स्पेल माझ्या वहीत उतरवतोय. तुझ्या खुणा फोडायला वेळ लागतो. लागू दे. उत्तर पाठव. एका ओळीचं चालेल.

तुझाच,
सुगत


२३ एप्रिल

नमिता,

चौदाला जयंती होती. मिरवणुकीतून घरी आलो, निळे कपडे तसेच, आणि गॅलरीच्या दाराशी बसून तुझा सांधायचा स्पेल उतरवत होतो. तोच गं, फुटकं मडकं, तुटलेला कडीचा सांधा, फाटलेलं शीड जोडायचा. मी त्याला "फेविकॉल" म्हणून हसलो होतो. अग्निवेशकडे आगीशिवाय काही नव्हतंच तेव्हा. वरच्या पातळीला चढलं की विझर्डला दोन स्पेल स्वतःचे स्वतः सुचतात, आणि मी दर वेळी दोन्ही आगीचेच घ्यायचो. तू म्हणायचीस, "सुगत, ह्या माणसाला भूक लागली तर तो भात शिजवेल की गाव जाळेल?"

तर बाबा आले. खांद्यावरून वाकून बघितलं.

"काय लिहितोयस?"

"स्पेल उतरवतोय. म्हणजे जादूगाराचे मंत्र असतात ना..."

"मंत्र?" बाबांनी भिंतीकडे बोट केलं. "वर बावीस प्रतिज्ञा टांगल्यात, खाली बसून पोरगा मंत्र लिहितोय. आणि दिवस कुठला, तर आजचा!"

तुला माहितीय ना त्यांचा आवाज. कंपनीतल्या मशीनपुढे तीस वर्षं बोलून तो तसाच झालाय. खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. मग मी त्यांना समजावत बसलो. म्हटलं, बाबा, हा खेळ आहे. चार जण टेबलाभोवती बसतात, अभय गोष्ट चालवतो, आम्ही त्यातली माणसं होतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. गोष्टीत जादू करणारे वेगवेगळे असतात. एकाच्या रक्तातच ती असते, जन्मापासून. एकाला देव देतो. एक जण कुठल्या तरी बड्या शक्तीची चाकरी करतो, ती त्याला देते. विझर्डला यातलं काहीच नसतं.

"मग त्याला कुठून येते?"

"शिकून. दुसऱ्या विझर्डचं पुस्तक मिळवायचं. प्रत्येकाची लिहायची खूण वेगळी, ती आधी फोडायची. करून बघायचं, चुकायचं, परत बघायचं. जमलं की स्वतःच्या भाषेत स्वतःच्या हाताने उतरवायचं. आमच्या टेबलावर तर फोटो काढलेला पण चालत नाही. लिहून झालं की वही मिटायची आणि सगळ्यांना तोंडी समजावून सांगायचं. समोरच्याला कळलं तर शिकलास. नाही तर नाही."

"आणि कुणाच्या पोटी जन्मला, त्याचा काय संबंध?"

"काही नाही."

बाबा खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या सगळ्यांत हा एकटा आपल्यातला." मला इतकं हसू आलं नमिता, आणि इतकं बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "मग तू का सोडलंस?"

तुला माहीत आहे का सोडलं. त्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने माझ्या नावापुढचं वाचलं आणि न विचारताच मार्क मांडले. "तुमच्या कॅटेगरीला एवढं पुरे आहे." मी जर्नल त्याच्या टेबलावर आपटलं आणि लॅबचं दार असं ओढलं की काच तडकली. परत गेलो नाही. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "राग बरोबर होता रे. पण दार तू बाहेरून लावलंस. तो अजून आतच बसलाय." मी तेव्हा तुझ्यावरही चिडलो होतो.

बाबा हल्ली जेवण झालं की म्हणतात, "सांग, आज काय उतरवलंस?" मी वही मिटून सांगतो. पटलं नाही तर म्हणतात, "परत लिही." काल सांध्याचा स्पेल त्यांना पटला.

सुगत


४ मे

नमिता,

आज मी खूप चिडलोय आणि चिडूनच लिहिणार आहे.

अभय भेटला होता, सीवूड्सच्या मॉलखाली. मी त्याला म्हटलं, तू काही म्हण, पण तिने अख्खं पुस्तक दिलं रे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "सुगत, तुला खरंच माहीत नाही?"

नव्हतं माहीत. मी तुमच्यात उशिरा आलो. माझ्याआधी तुमच्यात आशुतोष नावाचा एक जण खेळायचा म्हणे. तो नागपूरला गेला, तेव्हा त्याने त्याच्या विझर्डचं पुस्तक टेबलावर असंच सरकवलं होतं. तुझ्याकडे. तिथून गोजराला निम्मे स्पेल मिळाले. आणि तेव्हापासून तुमचं ठरलंय की पान दाखवायचं, मोबदला घ्यायचा, पण अख्खं पुस्तक द्यायचं ते टेबल सोडून जातानाच. जो राहणार आहे त्याने शिकावं म्हणून. राहणारा विझर्ड मी एकटाच होतो. दुसरं कोण होतं? प्रीतमचा तर तलवारवाला, अंगठेबहाद्दर.

म्हणजे ज्याला मी होकार समजलो, तो निरोप होता.

तोंडाने सांगता येत नव्हतं तुला? दोन वाक्यं? "सुगत, मी जातेय. सुगत, माझ्या मनात तसं काही नाही." म्हातारीच्या वहीआड कशाला लपलीस? महिनाभर मी गोडाऊनमध्ये गात होतो, नमिता. लोक मला बघून हसत होते.

आणि तुझा भाऊ, प्रीतम. तो काय म्हणाला होता त्या दिवशी, तुला कुणी सांगितलं का? तू खाली गेलीस, बॅग भरायची म्हणून. मी त्याला म्हटलं, "बघितलंस? तुझ्या बहिणीने हो म्हटलं मला." तो म्हणाला, "येडा हायस काय? ती चाललीय. तुला कुनी हो म्हटलं?" मला फक्त "तुला" एवढंच ऐकू आलं. तू म्हणजे तू. तुझ्यासारखा. लॅबमध्ये ऐकलं होतं तसं. मी टेबल उलटं केलं. फासे, वह्या, चहाचे ग्लास, सगळं. टेबलाचा पाय त्याच्या भुवईवर बसला. पाच टाके आहेत त्याला.

त्याने तसं म्हटलं नव्हतं. मला आता आठवतं तो कसा म्हणाला ते. खरंच विचारत होता.

आणि तसाच, रक्ताचे डाग शर्टावर घेऊन, मी खाली तुझ्या पप्पांसमोर गेलो. बोनकोड्यात तुमच्या घरापुढच्या कट्ट्यावर ते बसले होते. मी उभ्या उभ्या म्हणालो, "काका, मला नमिताशी लग्न करायचंय." कान्हा पाटील, अख्खा गाव त्यांना घाबरतो. मला वाटलं, मारतील. मी तयारच होतो. खरं सांगू, मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "बस रं पोरा. आदी पानी पी. तिला इचारलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"तिला नाय इचारलंस, नि मना इचारतंस?" मग म्हणाले, "नि खोटा कशाला बोलू, ती हो बोल्ली असती तरी मी लगेच हो बोललो नसतो. ती गोष्ट येगली. पन आदी ही गोष्ट."

तोवर प्रीतम डोळ्यावर टॉवेल धरून खाली आला, आणि मी निघालो. तुमचं लोखंडी गेट मी किती जोरात लावलं ते तू घरातून ऐकलं असशील. त्या दिवसानंतर फोन लागला नाही.

आता लिहिताना आणखी एक आठवतंय. त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी तू जिन्यात म्हणाली होतीस, "सुगत, मला कोचीच्या कॉलेजचं आलंय. मला तुझ्याशी नीट बोलायचंय." आणि मी म्हटलं होतं, "अगं नंतर, आज ड्रॅगन आहे."

तू सांगितलं होतंस.

सुगत


२५ मे

नमिता,

प्रीतम आला होता, गोडाऊनच्या गेटवर. बाइकवरून उतरला नाही. भुवईतून एक पांढरी रेघ गेलीय आता. म्हणाला, "ताईचा निरोप हाय. पाठ केलाय, तसाच बोलतो. 'पत्रं पाठवू नको. मी वाचते, मला त्रास होतो. तुझ्यावर राग नाही. उतरवून झालं असेल तर पुस्तक प्रीतमला दे.' बस, एवढाच."

"तुला कशाला पुस्तक? तुझा तर फायटर."

"मेला तो. आमी मागच्या रविवारपासून परत चालू केलंय, मी नि अभय. दोघंच. पयल्याच दिवशी मेला." मग हेल्मेटच्या काचेशी खेळत म्हणाला, "आता विझर्ड घेतलाय. ताईची म्हातारी गेली तर कुनीतरी पायजे ना. पन माझ्याकडे दोनच स्पेल हायत, दोन्ही बेकार."

मी म्हटलं, अजून एक उतरवायचा राहिलाय.

"मग उतरव ना भाई. किती टाइम लावतोस?"

खरं तर तो एक मी मुद्दाम ठेवलाय. शेवटच्या पानावरचा, दार लावायचा. तोसुद्धा मी तेव्हा हसण्यावारी नेला होता. दार लावायला जादू कशाला, हात आहेत की. आता रोज ते पान उघडतो आणि मिटतो. जोवर हा उतरवला नाही, तोवर पुस्तक माझ्याकडे. तोवर तू पूर्ण गेलेली नाहीस. बाबा विचारतात, "आज काय?" मी सांगतो, "कठीण आहे, फुटत नाही." ते माझ्याकडे बघतात. त्यांना कळतं. काल त्यांनी टीव्हीजवळ कॉलेजचा एक फॉर्म ठेवला. सुटलेल्या सेमिस्टरला परत प्रवेश. त्याच लॅबमध्ये बसावं लागेल, नमिता. कदाचित त्याच माणसापुढे.

"मी वाचते, मला त्रास होतो." हे वाक्य गोडाऊनमध्ये दिवसभर माझ्याबरोबर होतं. मला वाटत होतं, मी लिहितोय म्हणजे निदान चांगलं वागतोय. ओरडत नाही, काही फोडत नाही. पण तू फोन बंद केलास आणि मी पोस्टाच्या फटीतून हात घातला. तेच गेट, तोच जोर.

हे पत्र मी टाकणार नाही. लिहितोय, कारण आता सवय झालीय तुझं नाव वर लिहून मग विचार करायची. माझ्याकडेच राहू दे.

सुगत


१५ जून

नमिता,

तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलोय, शेवटच्या वळणावर. पाठीमागे वरची खोली. आत प्रीतम आणि अभय. ही ओळ तुझ्यापर्यंत येणार नाही, तरी नाव तुझंच घातलं.

शेवटचा स्पेल उतरवायला बसलो आणि खरंच फुटेना. सगळ्या पानांवर तू भरती-ओहोटीच्या खुणा वापरल्यास, त्या मला आता येतात. पण ह्या पानावर एका खुणेवर घोडं अडलं. पाण्याची आडवी रेघ, सपाट, तिच्यावर फळी. खाली एकच शब्द, भांग. मला तर प्यायची भांगच आठवली. बाबांनाही कळेना. मग म्हटलं, ज्यांच्या घरात हा शब्द आहे त्यांनाच विचारू. गेल्या रविवारी तुझ्या पप्पांकडे गेलो. ह्या वेळी गेट हळू उघडलं. ते त्याच कट्ट्यावर.

"काय रं, आता कुनाशी लगीन करायचाय?"

"नाही काका. एक शब्द विचारायचाय. भांग म्हणजे काय?"

त्यांनी सरकून जागा दिली. म्हणाले, "उधान म्हाईत हाय ना? पुनव-अमाशेला पानी चढतं. नि सातम-आठमला मधी पानी ना जास्त येत, ना जास्त जात. तो भांग. आमच्या आयचा मिठागर होता, गोजराचा. उधानात पानी आत घ्याचा. पन उघाडीची, पानी आत येतं त्या तोंडाची, फली तवा लावाची नाय. जोर करशील तर फली हातातून जाईल, हात बी जाईल. भांगाला लावाची. आपसूक बसते." मग हाताने त्यांनी दाखवलं, फळी खाचेत कशी सोडतात ते. ढकलायची नाही. नुसती सोडायची. आज त्या मिठागरावर बिल्डिंगा उभ्या आहेत, ते तुला वेगळं लिहायला नको. पण हात अजून तसाच हलतो त्यांचा.

निघताना म्हणाले, "जेवून जा." मी थांबलो नाही, पण त्यांनी म्हटलं.

घरी येऊन लिहिलं. माझ्या भाषेत. तुझी भरती-ओहोटी मला नाही येत, मी खोक्यांच्या खुणा घातल्या, वरची बाजू, नाजूक, इकडून उघडा. बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आणि आतल्यांचं काय? ते कोंडले जातात का?" मी म्हटलं, नाही. लावणारा ज्यांची नावं घेतो, त्यांना ते दार कधीच अडत नाही. त्यांच्यासाठी नुसतं लोटलेलं असतं. बाबा म्हणाले, "बरंय हे." मग त्यांनी टीव्हीजवळचा फॉर्म उचलून माझ्या वहीवर ठेवला. सही केली मी. उद्या नेऊन देतोय. त्या परीक्षकाचं काय करायचं, मला अजून माहीत नाही. राग आहे. तसाच आहे. पण ह्या वेळी खुर्ची सोडणार नाही एवढं ठरवलंय.

आज दुपारी इथे आलो. टेबल हलत नाही, खरंच. अभयने चहा ओतला. प्रीतम म्हणाला, "नियम म्हंजे नियम. वही मीट. सांग."

मी सांगितलं. उधाणाचं, भांगाचं, फळीचं. मधे एकदा प्रीतमने ओठ चावला, आजीचं नाव आलं तेव्हा. संपल्यावर अभय माझ्याकडे बघत नव्हता, प्रीतमकडे बघत होता. आज ठरवायचं त्याने होतं.

"शिकला," प्रीतम म्हणाला. मग म्हणाला, "भाई, एक बोलू? तू परत खेलायला येशील असं अभयला वाटतंय. मला नाय चालनार. अजून नाय. आरशात बघितलं की आठवतं."

"मी त्यासाठी आलो नाही."

गोजराचं पुस्तक मी त्याच्याकडे सरकवलं. मग माझंही काढलं, अग्निवेशचं. पुढे सगळी आग, मागे तुझं सगळं, माझ्या अक्षरात. तेही सरकवलं.

"घे. अख्खं."

तो शब्द बाहेर आला आणि मला कळलं, तुला तो म्हणताना कसं वाटलं असेल. सोपा नाही गं तो.

प्रीतमने दोन्ही पुस्तकांवर हात ठेवला. त्याला कुणी समजावायची गरज नव्हती. "चाललास?"

"चाललो."

"थांब, एक सांग. तुझ्या खुणा मला कोन फोडून देनार? हा बान काय हाय, वरती तोंड केलेला?"

"वरची बाजू. इकडून वर. बाकीचं तुझं तू शोध."

"खवचट हायस," तो म्हणाला. अगदी तुला म्हणायचा तसं.

मी नावं घेतली, मनात. प्रीतम. अभय. तुझे पप्पा. तुझं सगळ्यात शेवटी. पुस्तक नसलेल्या विझर्डकडे सकाळी तयार केलेलं तेवढंच उरतं, आणि मी सकाळी हा एकच तयार केला होता. उठलो. बाहेर आलो. दार ढकललं नाही, नुसतं सोडलं. ते आपसूक लागलं.